काच साफ ठेवा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ही बाई स्वतःला सोडून बाकी सगळ्यांवर घसरते, असं कुणाला वाटायला नको. स्वतःवरही घसरते. क्रमाने घेते, एवढंच.

कोलकात्याला सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये मी एका छोट्या कंपनीत काम करते. कारखान्यातल्या यंत्रांवर बसवायचे सुरक्षेचे डबे आम्ही बनवतो. डब्यात एक लहानसा संगणक असतो, त्याला सेन्सर जोडलेले असतात, आणि सेन्सर काय म्हणतोय ते संगणकाला समजावणारा जो प्रोग्रॅम असतो, म्हणजे ड्रायव्हर, तो मी लिहिते. वीस वर्षांहून जास्त काळ हेच करते आहे.

माझं सगळं काम यादीवर चालतं. यादी मी मराठीत करते, कारण कोलकात्यात जन्मून वाढलेल्या माणसाला वाणसामानाच्या चिठ्ठीखेरीज मराठी लिहायचा प्रसंग फारसा येत नाही. डबा बाहेर पाठवण्याआधीची माझी यादी एक्केचाळीस कलमांची आहे. शेवटी माझी सही असते. ती सही झाल्याशिवाय डबा जात नाही, हा नियम मी येण्याआधी नव्हता. मी भांडून करून घेतला.

आता काम काय ते थोडक्यात. संगणक सतत काही ना काही करत असतो. सेन्सरला काही दिसलं की तो एका तारेवरून संगणकाला हाक मारतो. याला इंटरप्ट म्हणतात. संगणक हातातलं काम तिथेच टाकतो आणि ड्रायव्हरला विचारतो, ही हाक तुझी का? विचारावं लागतं, कारण एकाच तारेवर दोन-तीन उपकरणं असतात. ड्रायव्हर आपल्या सेन्सरकडे बघून सांगतो, माझी, किंवा माझी नाही. हाका येतच राहिल्या आणि कुणीच ‘माझी’ म्हणेना, तर संगणकाची मूळ प्रणाली ठरवते की ही तारच बिघडली आहे. मग ती त्या तारेवरचं ऐकणं बंद करते. डबा बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत बंद. नाहीतर खोट्या हाकांना उठून उत्तर देण्यातच संगणकाचा सगळा वेळ जाईल. नियम शहाणपणाचा आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही.

कोलकात्याजवळ, बजबजच्या एका तागाच्या गिरणीत आमचे तीन डबे चाचणीसाठी लावले होते. ताग पिंजण्याच्या यंत्रावर कामगार तागाच्या जुड्या हाताने पट्ट्यावर पसरतो, पट्टा त्या काटेरी रुळांमध्ये नेतो. जुडी अडकली की माणसाचा हात आपोआप पुढे जातो, आणि रुळाला जुडी आणि हात यातला फरक कळत नाही. म्हणून रुळांच्या आधी, पट्ट्यावरच्या जुड्यांच्या जरा वर, आम्ही न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा लावला. किरण तुटला की हाक, हाक आली की रूळ थांबला. इतकं साधं.

फक्त गिरणीच्या हवेत तागाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. एखादा तंतू किरणासमोरून गेला तरी हाक येते. दर तंतूला रूळ थांबला तर काम कसं होणार? म्हणून मी ड्रायव्हरमध्ये लिहिलं की हाक आल्यावर सेन्सरकडे बघ. किरण अजून तुटलेला असेल तर ‘माझी’ म्हण, पुन्हा जुळलेला असेल तर ‘माझी नाही’ म्हणून सोडून दे. हात काही डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीसा होत नाही, तंतू होतो. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

मंगळवारी सकाळी तीन डब्यांच्या नोंदी तपासायला घेतल्या. दुसऱ्या डब्याच्या नोंदीत एक ओळ होती. इंग्रजी ओळ, प्रणालीचीच, तिचा अर्थ असा की या तारेवरच्या हाकांची कुणीच पर्वा केली नाही, सबब तार बंद करत आहे. मी वेळ पाहिली. आदल्या दिवशी दुपारी तार बंद झाली होती आणि रात्रपाळी सुरू होताना डबा पुन्हा चालू झाला होता. मधले साडेचार तास रूळ फिरत होते, माणूस जुड्या लावत होता आणि सेन्सर ओरडत असला तरी कुणी ऐकत नव्हतं. मी मागच्या नोंदी काढल्या. महिन्याभरात अकरा वेळा असं झालं होतं.

आणि डब्यावरचा हिरवा दिवा त्या अकराही वेळा चालू होता.

या दिव्याबद्दल सांगायला हवं. तो माझ्या यादीत नव्हता. आमच्या मॅनेजरने शेवटच्या आठवड्यात घातला, कारण गिऱ्हाइकाला हिरवा दिवा आवडतो. डब्यात वीज आहे आणि प्रोग्रॅम चालू आहे, एवढंच तो दिवा सांगतो. सेन्सर ऐकू येतोय की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मी तेव्हा कुरकुर केली होती आणि नंतर सोडून दिली होती. सही केली होती.

मॅनेजर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गोड बोलणारा, कुठल्याही अडचणीला ‘होये जाबे’ म्हणणारा. म्हणजे होऊन जाईल. कसं होईल, कोण करेल, कधी करेल, यातलं काही त्या दोन शब्दांत नसतं. मी नोंद त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली, खुर्ची मागे रेलली आणि विचारलं,

“दीदी, कुणाला लागलं का?”

नाही म्हटलं.

“मग?”

मला अजूनही हे ‘मग’ ऐकू येतं. पुढच्या सोमवारी गिरणीचे मालक इतर गिरण्यांच्या माणसांना घेऊन प्रात्यक्षिक बघायला येणार होते, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष सोमवारवर होतं. त्याने तिथल्या तिथे उपायही काढला. दर पाळीच्या सुरुवातीला डबा आपोआप बंद होऊन चालू व्हावा, म्हणजे तार बंद पडली असली तरी पुन्हा जागी होईल. मी म्हटलं, पाळीच्या मध्यात बंद पडली तर उरलेल्या पाळीचं काय? तो म्हणाला, फार क्वचित होतं, आणि नोंदीतली ती ओळ तेवढी दिसणार नाही अशी सोय करा, पाहुणे नोंदी उघडून बघतात. मग ‘होये जाबे’ म्हणून तो चहाला गेला.

घरी जेवताना मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो बँकेच्या बदलीवर नागपूरहून आला आणि माझ्यामुळे इथेच राहिला. तो शांतपणे म्हणाला की तुझी यादी आज ताटात आली आहे, आमटीला जागा ठेव. मग थोड्या वेळाने म्हणाला, तू ती गिरणी पाहिलीस का? नव्हती पाहिली. डबे बसवायला दुसरी माणसं गेली होती. मी सेक्टर फाइव्हमध्ये बसून, पाठवलेल्या चित्रफिती बघून ड्रायव्हर लिहिला होता.

बुधवारी सकाळी मेट्रोने सियालदा, तिथून बजबज लोकल. वहीत सात प्रश्न लिहून नेले होते. गिरणीत पोहोचले आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यातले पाच निकामी ठरले.

दुसऱ्या यंत्रावरचा कामगार माझ्याच वयाचा, बिहारकडचा, आयुष्य याच गिरणीत गेलेलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर नाही. ते डब्याच्या आधीचं. मी कुठल्या कंपनीची ते कळल्यावर त्याला मनापासून आनंद झाला. त्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली की डबा फार चांगला आहे, मॅडम. पूर्वी या यंत्रावर दोघं असायचे. एक जुड्या लावणारा आणि एक जोडीदार, थांबवायच्या दांड्यावर हात ठेवून उभा. जुडी अडकली की काठीने ढकलायची आणि जोडीदाराने लक्ष ठेवायचं. आता डबा आल्यावर सरदाराने, म्हणजे त्या खात्याच्या मुकादमाने, जोडीदाराला दुसऱ्या कामावर लावलं. काठी तर कुठे गेली तेही माहीत नाही. आता जुडी अडकली की हा हातानेच ओढतो. हात पुढे गेला की रूळ थांबतो, मग कशाला काठी?

मी वहीत लिहीत होते. आम्ही डबा लावून त्याला सुरक्षित केलं नव्हतं. त्याच्याकडचं जे होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलं होतं, आणि बदल्यात एक हिरवा दिवा दिला होता.

दुपारच्या सुट्टीआधी तो म्हणाला, जरा बाजूला व्हा, साफ करतो. यंत्र चालूच होतं, फक्त पट्टा रिकामा होता. त्याने खांबावरून दाबाच्या हवेची नळी उतरवली आणि सेन्सरच्या काचेवर धरली. तागाचा सगळा भुसा, पट्ट्यावरचा, चौकटीतला, खालचा, वावटळीसारखा उठला आणि किरणांच्या पडद्यातून भिरभिरला. पाच-सात मिनिटं तो अगदी मन लावून फुंकत होता. कोपरे, फटी, सगळं.

मी विचारलं, हे रोज करता? तो अभिमानाने म्हणाला, दिवसातून दोनदा. मग यंत्राच्या अंगावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं.

“लिखा है ना, मॅडम। काँच साफ रखिए।”

कागद माझा होता. हिंदी आणि बंगालीत छापलेला. कामगारांसाठी केलेल्या मूळ मराठी यादीतलं कलम नववं: काच साफ ठेवा. कशाने साफ ठेवा, यंत्र बंद करून की चालू असताना, हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे मऊ फडकं घेतलेला एक माणूस होता. त्याने फडकं वापरून पाहिलं होतं, पण त्या हवेत फडक्यालाच तंतू चिकटतात आणि काच आणखी खराब होते. हे मला इथे उभं राहून दोन मिनिटांत पटलं, आणि सेक्टर फाइव्हमध्ये चार महिन्यांत सुचलं नव्हतं.

पुढचं मला आता दिसत होतं. वावटळीतला एकेक तंतू एकेक हाक. दर सेकंदाला शेकड्यांनी हाका, आणि माझा ड्रायव्हर प्रत्येक हाकेला उठून बघतो तर किरण जुळलेला. माझी नाही. माझी नाही. माझी नाही. शेवटी प्रणालीने कंटाळून तार बंद केली. ज्या माणसाने माझी सूचना तंतोतंत पाळली, त्याचंच यंत्र आंधळं झालं. बाकी दोन यंत्रांवरचे कामगार आळशी होते, आठवड्यातून एकदा फुंकायचे, म्हणून त्यांच्या नोंदी स्वच्छ होत्या.

मी त्याला म्हटलं, थांबा. तागाची एक लांब जुडी घेतली आणि दूर उभी राहून किरणांच्या पडद्यात धरली. रूळ फिरतच राहिले. जुडीचं टोक त्यांनी ओढून नेलं, मी सोडून दिली. हिरवा दिवा चालू होता.

त्याने नळी खांबावर टांगली, दिव्याकडे पाहिलं, रुळाकडे पाहिलं, मग दोन्ही हात मागे नेले. म्हणाला, “दीदी, इस महीने में कितनी बार हाथ गया होगा।” तो मला विचारत नव्हता. मोजत होता.

मी तिथूनच मॅनेजरला फोन केला आणि तिन्ही यंत्रं थांबवायला सांगितली. तो म्हणाला, तो अधिकार आपला नाही, यंत्रं गिरणीची. मी सरदाराला गाठलं. तो म्हणाला, यंत्र थांबवायचा हुकूम ऑफिसातून यायला हवा, आणि ऑफिसातले साहेब जेवायला गेलेत. जोडीदार परत द्या म्हटलं तर म्हणाला, डबा असताना जोडीदार कशाला? मी सांगितलं की डबा काम करत नाही. त्याने दिव्याकडे बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की बाईला ऊन लागलं असावं.

राग आला की मी काम करते, बोलत नाही. पिशवीतून पेचकस काढला आणि तिन्ही डब्यांवरचे हिरवे दिवे काढून घेतले. वायरींवर चिकटपट्टी लावली. सरदार धावत आला. म्हणाला, मॅडम, हा कंपनीचा माल आहे. मी म्हटलं, हो, आणि कंपनीच घेऊन चालली आहे. मग तिन्ही यंत्रांवर, माझ्या कागदाच्या वरच, जाड पेनाने हिंदीत लिहिलं: सेन्सर बंद आहे, हात घालू नये. खाली माझं नाव आणि फोन नंबर.

दिवे गेल्यावर मात्र सगळं हललं. जी गोष्ट मी अर्धा तास समजावत होते ती दिव्याच्या जागच्या भोकाने दोन मिनिटांत पटवली. कामगारांनी हात आवरते घेतले, काम मंदावलं, साहेब जेवण अर्धं टाकून आले आणि तासाभरात तिन्ही यंत्रांवर जोडीदार उभे राहिले, कुरकुरत.

परतीच्या लोकलमध्ये मॅनेजरचा फोन आला. दिवे काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? कुणी नाही, म्हटलं. दिवे माझ्या पिशवीत आहेत, ड्रायव्हर नीट झाला की परत लावते.

गुरुवारी त्याच्या केबिनमध्ये बसलो. मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, तंतूची हाकही ड्रायव्हर आपली मानेल, मोजेल, आणि अशा हाका प्रमाणाबाहेर झाल्या की स्वतःच रूळ थांबवेल. दोन, डबा सेकंदातून दोनदा स्वतःच किरण क्षणभर बंद करून बघेल. त्याची हाक पोहोचली नाही तर रुळाची वीज तुटेल. तीन, दिवा लागेल तो त्या हाकेच्या उत्तरावर, नुसत्या विजेवर नाही. मॅनेजर हुशार आहे, त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, म्हणजे दर साफसफाईला यंत्र बंद पडेल. मी म्हटलं, पडू दे. तो म्हणाला, गिरणीवाले डबे परत करतील. तेही करू देत म्हटलं. मग तो समजुतीच्या आवाजात म्हणाला की सोमवारपुरती जुन्यावरच सही करा, दीदी, नंतर तुमचं सगळं करू.

मी यादी उघडली आणि खाली बेचाळिसावं कलम लिहिलं, या वेळी त्याला वाचता यावं म्हणून इंग्रजीत: तार बंद पडली तरी रूळ चालू राहील आणि दिवा हिरवा राहील, हे मला मान्य आहे. पुढे सहीची रेघ मारली आणि वही त्याच्याकडे सरकवली.

“सोमवारची सही तू कर,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं.

त्याने पेन उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेनाचं टोपण लावून म्हणाला की प्रात्यक्षिक पुढे ढकलण्याबद्दल बोलून बघतो. हा माणूस वाईट नाही. त्याला काय होऊ शकतं ते मंगळवारीही कळत होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग जास्त येतो. सही स्वतःची असेल तेव्हाच ज्याला दिसतं, त्याला आधीही दिसत असतंच.

नवा ड्रायव्हर लिहायला अकरा दिवस लागले. यातले दोन दिवस मी घरात पंख्यासमोर सेन्सर ठेवून त्यावर पिंजलेला कापूस उधळण्यात घालवले. कामवाल्या मावशींनी तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की हे झाडणं त्यांच्या कामात बसत नाही. बरोबर होतं. मी झाडलं. नववं कलमही नव्याने लिहिलं, या वेळी पाच ओळींचं, आणि आधी बजबजला जाऊन त्या कामगाराला वाचून दाखवलं. त्याने दोन ओळी बदलायला लावल्या.

नवा ड्रायव्हर डब्यांत बसवल्यानंतर पहिल्या दिवशी मी सकाळी गेले नव्हते, संध्याकाळी पोहोचले. तो माझी वाटच बघत होता आणि चांगलाच वैतागला होता. जोडीदार अजून होता, कारण साहेबांचा विश्वास बसायचा होता, आणि तोही वैतागला होता. यंत्र सारखं थांबतं, दीदी. भुसा जरा उडाला की थांबतं. सरदार त्याच्या अंगावर ओरडला होता. पूर्वीचा डबा बरा होता असंही तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी किती वेळा थांबलं ते विचारलं. त्याने खांबाकडे नेलं. प्रत्येक वेळी त्याने खडूने एक रेघ मारली होती. चौदा रेघा. मी वही काढून एकेक विचारू लागले. ही? ही सकाळची, काच साफ करताना. या तीन? वारा, दार उघडं राहिलं होतं. ही माहीत नाही, ही पण माहीत नाही. त्या दोन्हींपुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं. बहुधा माझी मर्यादा जरा कडक झाली आहे, ती बघावी लागेल.

अकरावी रेघ बाकीच्यांपासून जरा दूर होती आणि जाड होती. ही कसली, मी विचारलं.

“वो हाथ था,” तो म्हणाला, आणि बाराव्या रेघेचं सांगू लागला.